दाराला ओळखीचं, प्रिंटरला अनोळखी

प्रश्न : आमच्या नागरी सहकारी बँकेत मुख्य कार्यालय आणि शाखा धरून तीनशेच्या आसपास कर्मचारी आहेत. कर्जाची कागदपत्रं, पगाराच्या स्लिपा प्रिंटरच्या ट्रेमध्ये तासन्‌तास पडून राहायच्या. म्हणून वरून आदेश आला, की आयकार्ड टेकवल्याशिवाय प्रिंट बाहेर पडता कामा नये. नवे प्रिंटर आले, त्यांना कार्ड रीडर बसले. दाराच्या सॉफ्टवेअरमधून सगळ्यांच्या कार्डांचे नंबर काढून प्रिंटरच्या सर्व्हरमध्ये भरले. आता दार प्रत्येक कार्डाला उघडतं आणि प्रिंटर प्रत्येक कार्डाला ‘अनोळखी कार्ड’ म्हणतो. व्हेंडर म्हणतो, कार्डं बदला. तीनशे कार्डं खरंच बदलायची का?
— आयटी विभागातील एक वाचक, सांगली

उत्तर : नाही, इतक्यात तरी नाही. व्हेंडरला कार्डं विकायचीच असतात, पण तुमच्या पत्रातच त्याचं म्हणणं खोडणारा पुरावा आहे. प्रिंटर ‘अनोळखी’ म्हणतो, म्हणजे रीडरला कार्ड वाचता येतंय. न वाचता येणारं कार्ड टेकवलं तर रीडर बीपसुद्धा करत नाही. शिवाय दोन-चार कार्डं नाकारली गेली असती तर कार्डांवर संशय घेता आला असता. सगळीच नाकारली जातात तेव्हा घोळ नंबर लिहिण्याच्या पद्धतीत असतो.

दारांसाठी आपल्याकडे सर्रास मिळणारी जाड पांढरी कार्डं बाजारात ‘ईएम कार्ड’ म्हणून विकली जातात. ती १२५ किलोहर्ट्‌झवर चालतात. त्यांच्यावर नंबर छापलेला असतो, तोही बहुधा दोनदा. समजा एका कार्डावर ००१२३४५६७८ आहे आणि शेजारी १८८,२४९१०. हे दोन नंबर वेगळे नाहीत. १८८ ला ६५,५३६ ने गुणून त्यात २४,९१० मिळवा. बरोबर १,२३,४५,६७८ येतील. स्वल्पविरामाच्या आधीच्या आकड्याला फॅसिलिटी कोड म्हणतात, नंतरच्याला कार्ड क्रमांक.

ही फोड दाराच्या वायरींमुळे आली. दाराबाहेरचा रीडर आतल्या कंट्रोलरला नंबर कळवतो तो बहुतेक ठिकाणी अजूनही वीगँड पद्धतीने. जॉन वीगँड यांनी सत्तरच्या दशकात एका खास चुंबकीय तारेचा गुणधर्म वापरात आणला आणि तिच्यावर चालणारी कार्डं निघाली. ती कार्डं केव्हाच इतिहासजमा झाली, त्यांची संदेश पाठवायची रीत मात्र रीडरच्या हिरव्या-पांढऱ्या वायरींत टिकून आहे. तिच्या सगळ्यांत रुळलेल्या प्रकारात २६ बिट असतात : २ पडताळणीचे, ८ फॅसिलिटी कोडचे आणि १६ कार्ड क्रमांकाचे. चिपमधला मूळ नंबर मात्र ४० बिटांचा. म्हणजे दाराला नंबराचा शेवटचा तुकडा तेवढा कळतो आणि दार उघडायला तो पुरतो.

प्रिंटरला यूएसबीने जोडलेल्या रीडरला या वायरींशी देणंघेणं नाही. तो चिपमधला नंबर थेट वाचतो आणि त्याला जसं सेट केलं असेल तसा पुढे पाठवतो. त्यामुळे वरचंच कार्ड दाराच्या यादीत १८८२४९१० असं दिसेल, काही सॉफ्टवेअरांत नुसतं २४९१०. प्रिंटरचा रीडर त्याला ००१२३४५६७८ म्हणेल. रीडर हेक्स पद्धतीवर लावलेला असला तर बीसी६१४ई. आणि बाइट उलट्या क्रमाने वाचणारा निघाला तर दशमान पद्धतीत चक्क १३१५०२७९६८. पाचही उत्तरं बरोबर आहेत, कार्ड एकच आहे, आणि सर्व्हर बिचारा अक्षर न्‌ अक्षर जुळवून बघत बसलेला.

तेव्हा प्रिंटरचा रीडर काढून आपल्या कॉम्प्युटरला लावा, नोटपॅड उघडा आणि कार्ड टेकवा. असे बहुतेक रीडर कॉम्प्युटरला आपण कीबोर्ड असल्याचंच भासवतात. नंबर टाइप करतात आणि शेवटी एंटर दाबतात. मात्र त्याआधी मराठी कीबोर्ड चालू नाही ना, ते पाहा. रीडर अक्षर पाठवत नाही, कुठली कळ दाबली एवढंच पाठवतो, आणि इन्स्क्रिप्टमध्ये ‘बी’च्या कळेवर ‘व’ असतो, ‘सी’च्या कळेवर ‘म’. हेक्स नंबरात मध्येच ‘वम’ आणि काने-वेलांट्या दिसल्या म्हणून चांगले रीडर खराब ठरवून परत पाठवले जातात.

चार-पाच कार्डांचे नंबर असे नोंदवा, शेजारी दाराच्या यादीतले नंबर मांडा. कुठल्या आकडेमोडीने एक रांग दुसरीशी जुळते ते अर्ध्या तासात सापडतं. मग बदल करायचा तो एकाच ठिकाणी. आरएफ आयडियाज, एलाटेक यांच्यासारख्या कंपन्यांचे रीडर त्यांच्या सॉफ्टवेअरने हवे तसे सेट करता येतात. पेपरकटसारख्या प्रिंट सर्व्हरमध्येही हेक्सचं दशमान करण्याची सोय असते. दोन्हीकडे हात घातलात तर नंबर दोनदा फिरतो आणि पुन्हा चुकतो. यादी एक्सेलमध्ये दुरुस्त करणार असाल तर तो रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा. नाहीतर एक्सेल सुरुवातीची शून्यं गिळून टाकतं, आणि १५ पेक्षा जास्त आकडी नंबर असेल तर पुढचे आकडेसुद्धा शून्य करून ठेवतं. नव्या प्रकारच्या सात बाइटांच्या कार्डांचा नंबर दशमानात १७ आकड्यांपर्यंत जाऊ शकतो, तिथे हे नक्की नडतं.

एक मोह टाळा. पाच आकडी कार्ड क्रमांक सगळीकडे जुळवता येतो, मग तेवढाच घेऊन टाकू, असं कोणीतरी सुचवेलच. १६ बिटांत ६५,५३६ नंबर मावतात, तीनशे कार्डांना ते भरपूर आहेत असं वाटतं. पण बाजारातून घेतलेल्या कार्डांचे नंबर विखुरलेले असले, तर तीनशे जणांत कुठल्या तरी दोघांचे कार्ड क्रमांक तंतोतंत एक निघण्याची शक्यता जवळजवळ निम्मी असते. वर्गातल्या दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी निघतो तेच हे गणित. तसं झालं तर शिपायाने कार्ड टेकवलं की वसुली अधिकाऱ्याच्या नोटिसा बाहेर पडतील. ज्यासाठी हा खटाटोप केला, नेमकं तेच.

आणि खरं सांगायचं तर, यादी भरूच नका. बहुतेक प्रिंट सॉफ्टवेअरांत कर्मचाऱ्याला स्वतःचं कार्ड स्वतः जोडता येतं. अनोळखी कार्ड टेकवलं की प्रिंटरचा पडदा यूजरनेम आणि पासवर्ड विचारतो. तो एकदा दिला की कार्ड त्या नावाला बांधलं जातं. रीडर जो नंबर सांगेल तोच साठतो, त्यामुळे जुळवाजुळवीचा प्रश्नच उरत नाही. पहिल्या आठवड्यात प्रिंटरपुढे रांग लागते, तेवढी सोसावी. मात्र सगळ्या शाखांतले रीडर आधी एकसारखे सेट करून घ्या, नाहीतर मिरजेत जोडलेलं कार्ड विट्यात पुन्हा अनोळखी होईल.

प्रश्न : प्रिंट दिल्यापासून कार्ड टेकवेपर्यंत ती असते कुठे? आणि मी गेलोच नाही तर?
— नाशिक

उत्तर : प्रिंटरमध्ये नसते. तुमच्या कॉम्प्युटरवर दिसणारा ‘प्रिंटर’ म्हणजे सर्व्हरवरची एक रांग असते, तिला कुठलंही एक मशीन जोडलेलं नसतं. तुमची फाइल तिथे थांबते. तुम्ही ज्या मशीनला कार्ड टेकवाल ते मशीन सर्व्हरला विचारतं, हा नंबर कोणाचा, या माणसाचं काय काय थांबलंय. आणि मग फाइल त्या मशीनकडे येते. म्हणून तळमजल्यावर दिलेली प्रिंट तिसऱ्या मजल्यावर घेता येते. ठरावीक वेळेत कोणी घ्यायला आलं नाही तर सर्व्हर ती पुसून टाकतो. ही मुदत किती ठेवायची ते तुमचा आयटी विभाग ठरवतो. शुक्रवारी संध्याकाळी प्रिंट देऊन सोमवारी घ्यायला येणारे ऑफिसात किती आहेत, याचा विचार करूनच ती ठरवावी.

या व्यवस्थेत एक फट राहते आणि ती माहितीपत्रकात कुठे लिहिलेली नसते. चाळीस पानांची प्रिंट चालू आहे, बाराव्या पानाला कागद संपले. माणूस कंटाळून निघून गेला. तासाभराने दुसऱ्या कोणी ट्रे भरला की उरलेली अठ्ठावीस पानं त्याच्या हातात. कागद अडकला तरी तसंच. अडथळा आला आणि माणूस लॉगआउट झाला की काम रद्द व्हावं, अशी सोय पुष्कळ मशीनांत असते, पण ती शोधून चालू करावी लागते. बसवून झाल्यावर मुद्दाम दहाच कागद ट्रेमध्ये ठेवून वीस पानांची प्रिंट काढून बघा. व्हेंडर पैसे घेऊन जायच्या आधी बघा.

लॉगआउटचंही तसंच. काम झाल्यावर कार्ड पुन्हा टेकवायचं असतं, लोक विसरतात. पुढचा माणूस स्कॅन करून मेल पाठवतो आणि तो जातो तुमच्या नावाने. मशीन आपोआप लॉगआउट होण्याची वेळ अर्ध्या मिनिटाच्या आसपास ठेवली तर कुरकुर होते, पण ती परवडली.

आणखी एक. मोठ्या मशीनमध्ये हार्ड डिस्क असते, तिच्यावर छापलेल्या आणि स्कॅन केलेल्या कागदांच्या प्रती राहू शकतात. २०१० मध्ये अमेरिकेत सीबीएस न्यूजने जुन्या बाजारातून काही कॉपिअर विकत घेऊन त्यांच्या डिस्का तपासल्या, तर त्यांत एका आरोग्य विमा कंपनीच्या ग्राहकांची वैद्यकीय कागदपत्रं निघाली. भाड्याचं मशीन परत करताना त्या कंपनीने डिस्क पुसली नव्हती. २०१३ मध्ये तिला १२ लाख डॉलरहून जास्त रक्कम भरून तडजोड करावी लागली. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तुमची मशीनंही भाड्याचीच असतील, तर करारात डिस्कचं काय होणार हे लिहून घ्या.

प्रश्न : आमच्या गल्लीतला किल्लीवाला सोसायटीच्या गेटचं कार्ड दोन मिनिटांत डुप्लिकेट करून देतो. ऑफिसचं कार्डही असं होतं का?
— ठाणे

उत्तर : ईएम कार्ड असेल तर होतं. त्या कार्डात गुपित असं काही नसतंच. आत बॅटरी नाही. रीडरच्या चुंबकीय क्षेत्रात आलं, की तारेच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि चिप आपला नंबर घोकायला लागते. विचारणारा कोण आहे, हे ती बघत नाही. तो नंबर पुन्हा लिहिता येणाऱ्या दुसऱ्या चिपमध्ये भरला की झालं डुप्लिकेट.

आपलं कार्ड कुठल्या जातीचं, हे घरी बघता येतं. पातळ कार्ड मोबाइलच्या टॉर्चसमोर धरा. आत बारीक तारेचं भरगच्च गोल वेटोळं दिसलं तर ते बहुधा १२५ किलोहर्ट्‌झचं. कडेकडेने चौकोनी फिरलेले मोजके वेढे दिसले तर १३.५६ मेगाहर्ट्‌झचं. दुसरी खूण म्हणजे एनएफसी असलेल्या फोनला ते लावून बघणं. फोनने दखल घेतली तर १३.५६, ढिम्म राहिला तर बहुधा १२५.

१३.५६ चं निघालं म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका. त्यातलं सगळ्यांत पसरलेलं कार्ड मायफेअर क्लासिक. ते १९९४ चं. त्यात क्रिप्टो-१ नावाची ४८ बिटांच्या किल्लीची गुप्तलिपी वापरली आणि ती कशी चालते हे कंपनीने गुप्त ठेवलं. डिसेंबर २००७ मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत कार्स्टन नोल आणि हेन्‍रिक प्लोट्‌झ यांनी सांगितलं, की आम्ही चिप थर काढत काढत खरवडली, सूक्ष्मदर्शकातून प्रत्येक थराचे फोटो काढले आणि त्यातली सर्किटं ओळखून गुप्तलिपीचा बराचसा भाग बाहेर काढला. पाठोपाठ नेदरलँड्‌समधल्या नायमेखनच्या राडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी ती पुरती उलगडली. तेव्हा त्या देशात रेल्वे-बससाठी हीच चिप असलेलं नवं कार्ड येत होतं. चिप बनवणारी एनएक्सपी कंपनी निबंध छापू नये म्हणून कोर्टात गेली. जुलै २००८ मध्ये आर्नहेमच्या कोर्टाने बंदी नाकारली आणि ऑक्टोबरमध्ये निबंध प्रसिद्ध झाला. लंडनच्या ऑयस्टर कार्डात हीच चिप होती. त्यांनी पुढे डेसफायर ही दुसरी चिप घेतली. या चिपच्या नकलाही पुष्कळ निघाल्या. २०२४ मध्ये फ्रान्सच्या क्वार्क्सलॅबच्या संशोधकाने शांघायच्या फुदान कंपनीच्या अशाच एका चिपमध्ये, सगळ्या कार्डांना चालणारी एक छुपी किल्लीच शोधून काढली. एवढं होऊनही क्लासिक कार्डं आज विकली जातात, कारण ती स्वस्त आहेत आणि घेणारा विचारत नाही.

विचारावं काय, तर डेसफायर ईव्ही२ किंवा ईव्ही३ आहे का. त्यांत १२८ बिटांची एईएस ही सर्वांना ठाऊक असलेली आणि अजून न फुटलेली पद्धत आहे. पण पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा : रीडर कार्डातलं काय वाचणार? प्रत्येक कार्डाला एक अनुक्रमांक असतो, तो ओळख पटवण्याच्या आधीच, मागेल त्याला उघडपणे सांगितला जातो. प्रिंटरवरचे बरेचसे रीडर तेवढाच वाचतात, कारण ते सोपं असतं. महागाचं कार्ड घेऊन अनुक्रमांकावर काम भागवणं म्हणजे बँकेत लॉकर घेऊन दागिने काउंटरवर ठेवून येणं. एईएसचा उपयोग व्हायचा तर रीडरमध्ये तुमच्या किल्ल्या भरल्या पाहिजेत, आणि त्या किल्ल्या तुमच्या ताब्यात पाहिजेत. ‘किल्ल्या आमच्याकडेच राहतात, साहेब’ असं व्हेंडर म्हणाला तर तिथेच थांबा. पुढच्या वर्षी दुसऱ्याकडून कार्डं घ्यायची सोय त्याने बंद केलेली असते.

आता माझं मत. पगाराची स्लिप वाचायला कोणी गुप्तहेर येणार नाही. ती शेजारच्या टेबलावरचा माणूस वाचतो. त्याला रोखायला साधं ईएम कार्डही पुरतं, फक्त सोबत चार आकडी पिन लावा. ज्या विभागात कर्जप्रकरणं किंवा आजारपणाची कागदपत्रं छापली जातात, तिथे पिन सक्तीचा करा, बाकी ठिकाणी नको. आणि दहा माणसांच्या ऑफिसला तर कार्ड, सर्व्हर यांतलं काहीच नको. बऱ्याच ऑफिस प्रिंटरांच्या ड्रायव्हरमध्ये ‘सिक्युअर प्रिंट’ असतं, तिथे पिन टाकून प्रिंट द्यायची आणि मशीनवर तोच पिन टाकून घ्यायची. त्यासाठी वेगळा पैसा पडत नाही.

हरवलेल्या कार्डाची जास्त काळजी करा. कार्ड हरवल्याचं दाराच्या सॉफ्टवेअरला कळवलं, प्रिंटरच्या सर्व्हरला कोणी कळवलंच नाही, हे नेहमीचं. नोकरी सोडून गेलेल्यांचं एक वेळ आपोआप होतं, कारण कंपनीतलं खातं बंद केलं की त्याला बांधलेलं कार्ड प्रिंटरवर निरुपयोगी ठरतं. हरवलेल्याचं तसं नाही, खातं चालूच असतं. तेव्हा एचआरकडे फॉर्म एकच ठेवा आणि त्यावर दोन सह्या : दाराची आणि प्रिंटरची.

प्रश्न : मी रुग्णालयात नर्स आहे. वॉर्डातल्या एकाच कॉम्प्युटरवर आम्ही सहा-सात जणी काम करतो आणि दर वेळी पासवर्ड टाइप करतो. कार्ड टेकवून लॉगिन होईल का?
— कोल्हापूर

उत्तर : होईल, पण यूएसबी रीडर विकत आणून लावला की झालं, असं नाही. नुसता कार्डाचा नंबर विंडोज लॉगिनसाठी मानत नाही, आणि ते बरंच आहे. नंबराच्या मागे खरं यूजरनेम आणि पासवर्ड लावून देणारं वेगळं सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर बसवावं लागतं. रुग्णालयांसाठी इम्प्रिव्हाटासारख्या कंपन्या हेच करतात. पाळी सुरू होताना तुम्ही कार्ड टेकवून एकदा पासवर्ड द्यायचा. मग ठरलेल्या काही तासांपुरतं नुसतं कार्ड चालतं. टेकवलं की तुमचा पडदा उघडतो, पुन्हा टेकवलं की बंद होतो आणि पुढची आपलं कार्ड लावते. औषध दिल्याची नोंद कोणाच्या नावावर पडते, हा तुमच्या दृष्टीने पासवर्डाच्या कंटाळ्याहून मोठा मुद्दा आहे. आज घाईत एकीच्या लॉगिनवर सगळ्या नोंदी होत असतील, तर गोत्यात ती एकटी येईल.

दुसरा प्रकार कार्डातच किल्ली ठेवण्याचा. सीएच्या ऑफिसात डिजिटल सहीचं यूएसबी टोकन पाहिलं असेल. त्यातली खाजगी किल्ली बाहेर निघतच नाही. कॉम्प्युटर एक कोडं पाठवतो, पिन बरोबर असेल तर चिप ते आतल्या आत सोडवून उत्तर देते. अमेरिकेने ऑगस्ट २००४ च्या अध्यक्षीय आदेशानंतर आपल्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना अशाच चिपची ओळखपत्रं दिली, तीच दाराला आणि कॉम्प्युटरलाही चालतात. विंडोज हा प्रकार स्वतःहून ओळखतं. नंबरवालं कार्ड ‘मी अमुक’ एवढंच सांगतं. हे कार्ड ते सिद्ध करतं. बँकेच्या ट्रेझरीत किंवा सर्व्हर सांभाळणाऱ्यांना हेच द्यावं. वॉर्डात पिन टाइप करायलाही सवड नसते, तिथे पहिला प्रकारच टिकतो.

प्रश्न : पुणे मेट्रोचं कार्ड किंवा फोनच वापरला तर? गळ्यात तीन-तीन कार्डं घालून फिरायचा कंटाळा आलाय. आणि मेट्रोचं कार्ड चुकून प्रिंटरला लागलं तर पैसे जातील का?
— पुणे

उत्तर : पैसे जाणार नाहीत. ‘वन पुणे’ हे नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड आहे; त्यातून पैसे कापायला बँकेशी जोडलेलं मशीन लागतं. प्रिंटरचा रीडर त्याचा अनुक्रमांक वाचून थांबतो. त्याच अनुक्रमांकावर ते ऑफिसात जोडणं काही ठिकाणी जमेलही, पण बँकेने कार्ड बदललं की तुम्ही पुन्हा अनोळखी. फोन तर मुद्दामच दर वेळी नवा अनुक्रमांक सांगतो, तुमचा माग कोणाला काढता येऊ नये म्हणून. तो चार बाइटांचा असेल तर ०८ ने सुरू होतो. नोटपॅडमध्ये दर खेपेला वेगळा नंबर येऊ लागला तर रीडर बरोबर आहे, हे समजा. फोनवर ऑफिसचं कार्ड घ्यायची व्यवस्था निराळी असते, तिला रीडरही तसेच लागतात.

ऑफिसचं कार्ड पाकिटातून बाहेर काढून टेकवा. मेट्रोचं आणि ऑफिसचं एकत्र असलं की रीडर कधी हे वाचतो, कधी ते. तरीही वाचायला कुरकुर करत असेल, तर रीडर प्रिंटरच्या लोखंडी पत्र्यावर चिकटवलेला नाही ना बघा. धातूमुळे त्याचं क्षेत्र दबतं. प्लॅस्टिकच्या भागावर सरकवला की बहुतेकदा काम होतं.

प्रश्न : कोणी काय छापलं, हे साहेबांना दिसतं का?
— नाव-गाव नको

उत्तर : आतला मजकूर सहसा नाही, पण फाइलचं नाव, पानं, वेळ आणि मशीन, हे सगळं नोंदलं जातं. फाइलचं नाव ‘राजीनामा अंतिम’ असेल तर मजकूर वाचायची गरज उरत नाही. काही सॉफ्टवेअरांत फाइलची नावं नोंदीतून लपवता येतात. ती लपवावीत, असं मी प्रत्येक आयटी विभागाला सांगेन. हिशेबाला पानांचा आकडा पुरतो.

आयटीवाल्यांनीही एक लक्षात ठेवावं. हा सर्व्हर ऑफिसातल्या प्रत्येक गोपनीय कागदाला हात लावतो. मार्च २०२३ मध्ये पेपरकटमधल्या एका गंभीर त्रुटीची दुरुस्ती आली; ज्यांनी ती बसवली नाही त्यांच्या सर्व्हरवर एप्रिलमध्ये हल्ले झाले आणि रॅन्समवेअरवाल्यांनीही हात धुऊन घेतले. प्रिंट सर्व्हर इंटरनेटवर उघडा ठेवू नका आणि त्याचे अपडेट पुढे ढकलू नका.

वाचकांना एक विनंती : या वेळी काहींनी प्रश्नासोबत आपल्या आयकार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो पाठवले आहेत. ते आम्ही पुसून टाकले. ईएम कार्डावर छापलेल्या नंबरावरून दुसरं कार्ड तयार होऊ शकतं. असे फोटो आम्हालाही पाठवू नका आणि नवी नोकरी लागल्याच्या आनंदात स्टेटसलाही ठेवू नका.